०.३५ ची गोष्ट

आमच्या धंद्यात 'हार्डकोडेड' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरतात. कोड रिव्ह्यू चालू असताना कुणाच्या प्रोग्रॅममध्ये मधेच एखादा उघडाबोडका आकडा सापडला, की कुणीतरी हमखास विचारतं, "हा कुठून आला?" उत्तरही ठरलेलं असतं. "आधीपासूनच होता." ज्याने तो लिहिला तो गृहस्थ दोन कंपन्या बदलून केव्हाच परदेशी गेलेला असतो. आकडा मात्र इमानेइतबारे आपलं काम करत बसलेला असतो, बरोबर किंवा चूक.

आज अशाच एका आकड्याची गोष्ट सांगायची आहे, पण तो सॉफ्टवेअरमधला नाही. तो १९७१ साली अमेरिकेच्या सरकारी राजपत्रात छापला गेला. त्याच्या भरवशावर अख्ख्या देशाच्या हवेतला एक विषारी वायू मोजला गेला आणि कुठलं शहर किती घाण हे ठरलं. पुढच्याच वर्षी, ज्या सरकारी खात्याने तो छापला होता, त्याच खात्यातल्या लोकांनी सांगितलं की या आकड्यावर विसंबता येत नाही. आणि गंमत म्हणजे, त्या आकड्याचा एक चुलतभाऊ आपल्याकडे भारतात अजूनही नोकरीला आहे.

ही गोष्ट आत्ता का? तर हल्ली ऑक्टोबर सरला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक्यूआयचे स्क्रीनशॉट पडायला लागतात. एक अ‍ॅप म्हणतं १४०, दुसरं म्हणतं २१०, आणि चौथ्या मजल्यावरच्या काकांनी ऑनलाइन मागवलेला डबा म्हणतो ९५. मग वाद. "कुठला खरा?" माझं म्हणणं असं, की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असायला हवा, "हा आकडा कशाशी ताडून पाहिलाय, आणि कधी?" हे दोन प्रश्न वेळेवर न विचारल्यामुळे काय होतं, ते ०.३५ च्या गोष्टीइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

तर मंडळी, सुरुवात करू वायूपासून. नायट्रोजन डायऑक्साइड. मोटारीच्या इंजिनात, वीज केंद्राच्या बॉयलरमध्ये, थोडक्यात जिथे कुठे हवा खूप तापते तिथे हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात. आधी नायट्रिक ऑक्साइड बनतो, मग त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड. फुप्फुसांना त्रास देणारा, आणि उन्हात इतर वायूंशी खेळ करून ओझोन आणि धुरकं बनवणारा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लॉस एंजेलिसमध्ये डोळे चुरचुरायला लागले त्या भानगडीत याचा मोठा हात होता.

पण मोजायचा कसा? एक घनमीटर हवेत साधारण एक किलोहून जास्त वजनाची हवा असते, आणि त्यात हा वायू असतो चाळीस-पन्नास मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहालाखावा भाग. तराजूत घालण्यासारखी ही गोष्टच नव्हे.

१९५४ साली बर्नार्ड साल्ट्झमन यांनी एक रासायनिक पद्धत दिली. हवा एका द्रावणातून बुडबुड्यांच्या रूपात जाऊ द्यायची. वायू विरघळला की द्रावण गुलाबी होतं, जितका वायू जास्त तितका रंग गडद. पद्धत चांगली होती, पण रंग फार टिकत नसे. लवकरात लवकर वाचावा लागे. म्हणजे प्रयोगशाळा हाताशी हवी. देशभर शंभर ठिकाणी नमुने गोळा करून ते पोस्टाने एका जागी मागवायचे, तर ही पद्धत निरुपयोगी.

१९५८ साली मॉरिस जेकब्ज आणि सेमूर हॉखहायझर या दोघांनी यावर तोड काढली. हवा आधी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून सोडायची, चांगली चोवीस तास. वायूचं तिथे नायट्राइट होतं आणि ते टिकतं. बाटली बंद करा, पाठवून द्या, प्रयोगशाळेत सवडीने रंगाचं रसायन घाला आणि मोजा. साधी, स्वस्त, वीज आणि पंप सोडला तर फारसं काही न लागणारी पद्धत. सरकारी यंत्रणेला आणखी काय हवं?

फक्त एक अडचण होती. उसाच्या रसात स्ट्रॉ घालून फुंकर मारली तर बुडबुडे वर येऊन फुटतात, फुंकरीतली सगळी हवा काही रसात विरघळत नाही. तसंच इथे. बाटलीतून जाणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइडपैकी थोडाच द्रावणात अडकतो, बाकीचा बुडबुड्याबरोबर निघून जातो. मग किती अडकतो हे माहीत असायला हवं, म्हणजे त्याने भागून मूळ रक्कम काढता येईल.

हाच तो आकडा. ०.३५. शंभर भाग वायू आत गेला तर पस्तीस अडकतात, असं गृहीत. जे काही मोजाल त्याला ०.३५ ने भागा.

आता १९७० च्या आसपासची अमेरिका डोळ्यांसमोर आणा. पर्यावरणाच्या प्रश्नावर लोक रस्त्यावर उतरलेले. १९७० च्या एप्रिलमध्ये पहिला वसुंधरा दिन, डिसेंबरात ईपीए ही नवी संस्था सुरू, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची स्वच्छ हवा कायद्यावर सही. कायदा कडक होता. मोटारींतून बाहेर पडणारे नायट्रोजनचे ऑक्साइड काही वर्षांत ९० टक्क्यांनी कमी करा, असं त्यात सरळ लिहिलं होतं. शिवाय हवेत कुठला प्रदूषक किती चालेल याची राष्ट्रीय मर्यादा ताबडतोब ठरवायची होती.

मर्यादा ठरवायला पुरावा लागतो. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी मुख्य पुरावा आला टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा गावातून. तिथे टीएनटी हे स्फोटक बनवण्याचा लष्करी कारखाना होता, व्हिएतनाम युद्धामुळे जोरात चाललेला. टीएनटी बनवताना नायट्रिक आम्ल लागतं, आणि धुराड्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात. १९६८-६९ मध्ये कार्ल शाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखान्याजवळच्या आणि लांबच्या वस्त्यांमधली शाळकरी मुलं आणि त्यांची कुटुंबं तपासली. मुलांना जोरात फुंकायला लावून त्यांच्या फुप्फुसांची ताकद मोजली, घरात कोण किती वेळा सर्दी-खोकल्याने आजारी पडलं याची नोंद ठेवली. कारखान्याजवळच्या कुटुंबांत श्वसनाचे आजार जास्त निघाले. हवेत किती वायू होता तेही मोजलं होतं. कशाने? जेकब्ज-हॉखहायझर पद्धतीने.

३० एप्रिल १९७१ रोजी ईपीएने सहा प्रदूषकांच्या राष्ट्रीय मर्यादा जाहीर केल्या. नायट्रोजन डायऑक्साइड, वर्षाची सरासरी, १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. आणि हे मोजायचं कसं याची अधिकृत 'संदर्भ पद्धत'ही सोबत छापली. जेकब्ज-हॉखहायझर. त्यात ०.३५.

'संदर्भ पद्धत' या शब्दाचं वजन इथे लक्षात घ्या. संदर्भ म्हणजे ज्याच्याशी बाकी सगळ्यांनी स्वतःला ताडून पाहायचं तो. दुकानदाराचं वजन खोटं आहे का ते वजनमापे खात्याच्या वजनाशी ताडून बघतात. खात्याचं वजनच खोटं असेल तर?

आता इंजिनिअर मंडळींसाठी यातला सगळ्यात मजेदार भाग.

या पद्धतीचं कॅलिब्रेशन होत नव्हतं असं नाही. होत होतं, नियमाने. बाजारात मिळणारं सोडियम नायट्राइट मोजून पाण्यात घालायचं, त्यावर रंगाचं रसायन टाकायचं, आणि अमुक नायट्राइटला तमुक रंग असा आलेख काढायचा. आलेख सुरेख सरळ रेषेत यायचा. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आलेख जुळायचे. सगळे खूष.

पण बघा, यात तपासलं काय गेलं? नायट्राइटपासून रंगापर्यंतची पायरी. हवेतल्या वायूपासून नायट्राइटपर्यंतची पायरी, म्हणजे जिथे बुडबुडे फुटून वायू निसटतो ती, या चाचणीत येतच नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर युनिट टेस्ट हिरवीगार आणि इंटिग्रेशन टेस्ट कधी चालवलीच नाही. अवघड भागाच्या जागी एक मॉक बसवला होता, आणि त्या मॉकने नेहमी ०.३५ असंच उत्तर द्यायचं ठरलेलं होतं.

इंटिग्रेशन टेस्ट चालवायची तर ज्यात नायट्रोजन डायऑक्साइड नेमका किती आहे हे आधीच माहीत आहे अशी हवा हवी. इतक्या विरळ प्रमाणात अशी हवा बनवणं फार कठीण होतं. ओतायला जावं तर वायू नळीच्या भिंतीला चिकटतो, पाण्याच्या वाफेशी भांडतो. १९६६ मध्ये ओ'कीफ आणि ऑर्टमन या दोघांनी एक सुंदर युक्ती छापली. टेफ्लॉनच्या छोट्याशा नळीत द्रवरूप वायू भरून दोन्ही टोकं बंद करायची. टेफ्लॉनच्या भिंतीतून तो अगदी थोडाथोडा, पण एकाच वेगाने झिरपत राहतो, फक्त तापमान कायम ठेवा. नळीचं वजन आज केलं, दोन आठवड्यांनी पुन्हा केलं, की दर मिनिटाला किती झिरपतो ते कळलं. त्यावरून ठराविक वेगाने स्वच्छ हवा सोडली की माहितीतल्या प्रमाणाची हवा तयार. सगळा हिशेब शेवटी तराजूवर येऊन टेकतो, आणि तराजूवर माणसाचा विश्वास हजारो वर्षांचा आहे.

अशी मोजूनमापून बनवलेली हवा जेव्हा जेकब्ज-हॉखहायझरच्या बाटल्यांमधून सोडली तेव्हा भांडं फुटलं. ०.३५ हा स्थिरांक नव्हताच! हवेत वायू कमी असेल तर बाटली त्यातला बराच मोठा हिस्सा पकडत होती, जास्त असेल तर पस्तीस टक्केसुद्धा नाही. वर आणखी एक घोळ, हवेतला नायट्रिक ऑक्साइडही निकालात लुडबूड करत होता.

परिणाम समजून घ्यायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा हवेत खरोखर ४० मायक्रोग्रॅम आहेत आणि बाटलीने ७० टक्के पकडले, म्हणजे २८. त्याला ०.३५ ने भागलं की उत्तर ८०. दुप्पट! आता समजा दुसरीकडे खरोखर ४०० आहेत आणि बाटलीने २० टक्के पकडले, म्हणजे ८०. भागिले ०.३५, उत्तर सुमारे २२९. जवळजवळ निम्मं. स्वच्छ जागा घाण दिसते, घाण जागा बरी दिसते, आणि दोन्हीतला फरक पुसट होत जातो. यंत्र बंद पडलं असतं तर निदान कळलं तरी असतं. इथे रोज नीटनेटके, शंका न येणारे आकडे येत होते.

१९७२ मध्ये 'एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड टेक्नॉलॉजी' या नियतकालिकात ईपीएच्या शास्त्रज्ञांनी या मोजणीबद्दल एक भूमिका-लेख छापला. लेखक दोन. एक हाउसर, आणि दुसरे कार्ल शाय. हो, तेच. चॅटानूगाच्या पाहणीचे प्रमुख. ज्या मोजणीवर स्वतःचं सगळ्यात गाजलेलं काम उभं होतं, तिच्यातच दोष आहे हे सांगणाऱ्या लेखावर त्यांचं नाव आहे. मला या सगळ्या प्रकरणातलं हे सगळ्यात मोठं काम वाटतं. आपल्या कोडमधला बग दुसऱ्याने दाखवला तरी आपण आधी "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणतो.

जून १९७३ मध्ये ईपीएने संदर्भ पद्धत अधिकृतपणे मागे घेतली. नायट्रोजन डायऑक्साइड फार आहे म्हणून ज्या शहरी विभागांना वरच्या प्राधान्याच्या यादीत टाकलं होतं, त्यांतल्या बहुतेकांना यादीतून काढायचा प्रस्ताव आला. कल्पना करा, तिथल्या राज्य सरकारांनी वीज केंद्रांवर, कारखान्यांवर निर्बंधांची तयारी चालवलेली. मोटार कंपन्यांना तर आयतं कोलीत मिळालं. नायट्रोजनच्या ऑक्साइडची ती ९० टक्क्यांची कपात पुढे ढकलली गेली, आणि १९७७ च्या दुरुस्तीत कायद्यानेच ती सैल केली. याला एकटं ०.३५ कारण होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल, तेलाचं संकट, तंत्रज्ञान, लॉबी, सगळंच होतं. पण मोजणीच चुकीची निघाल्यावर कडक कायद्याची बाजू मांडणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली हे नक्की.

चुकीच्या सेन्सरचं खरं नुकसान हे असतं. आकडा चुकतो, दुरुस्त होतो, पण ज्याला काहीच करायचं नसतं त्याला पुढची कित्येक वर्षं म्हणायला एक वाक्य मिळतं: "अहो, यांचे आकडेच खरे नाहीत."

मग त्या १०० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेचं काय झालं? काहीच नाही. तीच राहिली. ईपीएने नंतर १९८५, १९९६, २०१०, २०१८ असं वेळोवेळी तिचं परीक्षण केलं, इतर पुरावे तपासले, २०१० मध्ये तिच्या जोडीला एका तासाची वेगळी मर्यादा आणली, पण वार्षिक मर्यादा ५३ पीपीबी, म्हणजे तेच शंभर मायक्रोग्रॅम, कायम ठेवली. पाया खणून काढून नवीन घातला, वरचा मजला आहे तिथेच. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस वर्षाला १० मायक्रोग्रॅमची आहे, यावरून काय ते समजा.

पद्धत मागे घेतली, पण मोजणी तर थांबवता येत नाही. तेव्हा पर्याय म्हणून काही पद्धती पुढे आल्या. त्यातली एक होती प्रकाशावर चालणारी. नायट्रिक ऑक्साइड आणि ओझोन एकत्र आले की मंद उजेड पडतो, तो मोजायचा. १९७६ मध्ये हीच नवी संदर्भ पद्धत झाली आणि जगभरच्या स्वयंचलित केंद्रांत आजही मुख्यतः हीच चालते.

दुसरी होती जेकब्ज-हॉखहायझरचीच सुधारून घेतलेली आवृत्ती. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात थोडं सोडियम आर्सेनाइट टाकलं की बाटली वायू जास्त पकडते, आणि मुख्य म्हणजे प्रमाण कमीजास्त झालं तरी साधारण तितक्याच टक्क्यांनी पकडते. तो टक्का निघाला सुमारे ८२. या वेळी मात्र बनवलेली हवा सोडून, वेगवेगळ्या प्रयोगशाळांकडून करून घेऊन तो तपासला गेला. डिसेंबर १९७७ मध्ये ईपीएने या पद्धतीला 'समतुल्य' म्हणून मान्यता दिली.

आणि इथे ही गोष्ट आपल्या घरी येते.

भारतात शहरांच्या हवेची पद्धतशीर मोजणी नागपूरच्या नीरीने १९७८ मध्ये सुरू केली, आणि १९८४ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं राष्ट्रीय जाळं उभं राहायला लागलं. आपल्याकडे एखाद्या सरकारी इमारतीच्या गच्चीवर घरघरणारा पत्र्याचा डबा पाहिला असेल, तोच तो धूळ गोळा करणारा सॅम्पलर. त्याच्या बाजूला काचेच्या नळ्या बसवलेल्या असतात, त्यांना इंपिंजर म्हणतात. त्यातून हवा बुडबुडत जाते. आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ दिवस, असा नेम. २००९ मध्ये आपल्या राष्ट्रीय मर्यादा सुधारून राजपत्रात छापल्या गेल्या (नायट्रोजन डायऑक्साइड वर्षाला ४०, चोवीस तासांना ८०). मोजायच्या पद्धतींच्या रकान्यात बघा, पहिलंच नाव आहे: सुधारित जेकब अँड हॉखहायझर, सोडियम आर्सेनाइट. आणि मंडळाच्या मार्गदर्शिकेतल्या सूत्रात छेदात बसलाय तो चुलतभाऊ, ०.८२.

मला ते सूत्र पहिल्यांदा दिसलं तेव्हा खरंच हसू आलं. "हा कुठून आला?" "आधीपासूनच होता!" :-)

पण थांबा. इथे लगेच "बघा आपलं सरकार पन्नास वर्षं जुनं काहीतरी वापरतंय" म्हणून मोकळं होऊ नका. ०.३५ आणि ०.८२ यांत मोठा फरक आहे. पहिला गृहीत धरलेला होता, दुसरा तपासलेला. स्वयंचलित यंत्राला लाखो रुपये, वातानुकूलित खोली, अखंड वीज आणि कॅलिब्रेशनच्या वायूची सिलिंडरं लागतात. इंपिंजरला पंप आणि एक प्रामाणिक लॅब असिस्टंट लागतो. ज्या गावात दुसरं काही मोजलंच गेलं नसतं तिथे या नळ्यांनी निदान काहीतरी नोंद ठेवली.

माझी तक्रार वेगळी आहे. ०.८२ हा विशिष्ट बाटल्या, विशिष्ट वेग, विशिष्ट काळजी यांवर तपासलेला आकडा. आपल्याकडचं रोजचं कॅलिब्रेशन मात्र अजून सोडियम नायट्राइटच्या द्रावणावरच होतं, म्हणजे रंगाच्या पायरीचंच. नळीचं तोंड झिजलं, पंपाचा वेग घसरला, मे महिन्यात द्रावण उडून कमी झालं, तरी सूत्रातला ०.८२ जागचा हलत नाही.

"मग स्वयंचलित केंद्र लावा की सगळीकडे!" लावावीतच, लागतही आहेत. पण तेही देवाचा तराजू नाही. ते यंत्र थेट मोजतं ते नायट्रिक ऑक्साइड. डायऑक्साइड मोजायचा तर आधी त्याचं तापलेल्या मॉलिब्डेनमवर नायट्रिक ऑक्साइडमध्ये रूपांतर करावं लागतं, आणि त्या तापलेल्या धातूवर हवेतली इतर काही नायट्रोजनची संयुगंही बदलतात आणि हिशेबात शिरतात. मेक्सिको सिटीत २००३ मध्ये झालेल्या मोजमापांत, दुपारच्या वेळी ही घुसखोरी खऱ्या डायऑक्साइडच्या निम्म्यापर्यंत गेलेली आढळली. म्हणजे संदर्भालाही संदर्भ लागतो. ही साखळी कुठे संपते? तर शेवटी पुन्हा तराजूवर, सिलिंडरवर, कुणीतरी मोजूनमापून बनवलेल्या हवेवर.

इंग्लंडमध्ये याच वायूच्या बाबतीत एक पद्धत मला फार आवडली. तिथे नगरपालिका रस्त्यावरच्या खांबांना बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या नळ्या लावतात. १९७६ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या पाम्स यांनी काढलेली ही युक्ती, ना पंप ना वीज, एका टोकाला रसायन आणि दुसरं टोक उघडं. महिन्याने काढून लॅबला पाठवायची. अचूकता बेताची. पण काही नळ्या मुद्दाम स्वयंचलित केंद्राला खेटून लावतात, आणि दरवर्षी दोन्हींचं गुणोत्तर काढून त्या वर्षीच्या सगळ्या नळ्यांना त्याने गुणतात. पुढच्या वर्षी पुन्हा नवं गुणोत्तर.

हासुद्धा शेवटी एक आकडाच आहे, ०.३५ सारखाच. पण त्याच्यावर लॅबचं नाव आहे आणि वर्ष आहे. दुधाच्या पिशवीसारखी त्याला एक्सपायरी डेट आहे. माझ्या मते सगळा फरक एवढाच. स्थिरांक असणं वाईट नाही, तारीख नसलेला स्थिरांक वाईट.

आता काकांच्या डब्याकडे येऊ. त्यात वायू मोजणारं बहुधा काही नसतं, असतो एक छोटा लेसर. हवेतली धूळ त्याच्यासमोरून गेली की प्रकाश विखुरतो, त्यावरून पीएम २.५ चा अंदाज. म्हणजे तो मोजतो प्रकाश आणि सांगतो वजन! मधे पुन्हा एक आकडा दडलेला आहे, अमुक उजेड म्हणजे तमुक धूळ, आणि तो आकडा कारखान्यात कुठल्यातरी धुळीवर ठरवलेला आहे. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात, जास्त चमकतात, आणि डबा घाबरवायला लागतो. अमेरिकेत पर्पलएअरच्या अशा डब्यांना देशभरच्या अधिकृत केंद्रांशेजारी ठेवून पाहिलं. २०२१ मध्ये ईपीएच्या शास्त्रज्ञांनी छापलेल्या दुरुस्तीच्या सूत्रात डब्याच्या आकड्याला ०.५२४ ने गुणतात, आर्द्रतेचा वाटा वजा करतात आणि ५.७५ मिळवतात. म्हणजे डबा जवळपास दुप्पट दाखवत होता. वणव्यांच्या दाट धुरात हेच सूत्र उलट कमी दाखवतं असं दिसल्यावर त्यातही बदल केले. छान. पण हा ०.५२४ अमेरिकेतल्या धुळीचा आहे. तो उचलून चेंबूरच्या किंवा चिंचवडच्या हवेला लावला, की आपण पुन्हा १९७१ मध्ये.

आपल्याकडेही हे ताडून पाहण्याचं काम झालंय. नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी मुंबई परिसरातल्या अधिकृत केंद्रांशेजारी भारतीय स्टार्टअप कंपन्यांचे स्वस्त सेन्सर लावून तुलना केली, आणि निकाल उत्साहवर्धक निघाले. योग्य दिशेचं काम. फक्त तारखा पुन्हा वाचा: नोव्हेंबर ते मे. मुंबईचा जुलै त्यात नाही. ज्या आर्द्रतेने लेसर सगळ्यात जास्त फसतो, ती नेमकी परीक्षेच्या दिवशी गैरहजर. म्हणजे काम चुकलं असं नव्हे. त्या निकालावर "नोव्हेंबर ते मे" एवढं लेबल कायम चिकटलेलं हवं, बस्स.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर स्क्रीनशॉट पडला की भांडण्याआधी विचारा: हे यंत्र नेमकं काय मोजतंय? कशाशेजारी ठेवून तपासलं? शेवटचं कधी, आणि कुठल्या ऋतूत? उत्तर मिळालं तर आकडा थोडा चुकलेला असला तरी उपयोगाचा आहे, किती चुकतो ते कळतं. उत्तर नाही मिळालं तर दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेला आकडासुद्धा अंदाजपंचेच. आणि हो, यातला कुठलाच प्रश्न "म्हणजे प्रदूषण नाहीच" असं म्हणायची परवानगी देत नाही. अमेरिकेत ती चूक पन्नास वर्षांपूर्वी करून झाली आहे.

चॅटानूगातली ती मुलं आज साठीच्या आसपास असतील. त्यांनी मोठा श्वास घेऊन नळीत फुंकलं, त्यांच्या फुप्फुसांची नोंद बरोबर झाली. हवेची तेवढी चुकली.